टेकडीवरच्या दोन रिकाम्या कबरी

१

शवपेटीची फळी कुजलेली होती. दोर लावून वर ओढताना ती मधोमध फुटली, आणि आतून जे बाहेर पडलं ते बघून दोन्ही मजूर मागे सरले. हाडं नव्हती. केस नव्हते, बूट नव्हते, लग्नाची अंगठी नव्हती. होती ती नुसती माती. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या, जाड कापडात घालून शिवून टाकलेल्या. नेब्रास्काच्या माळावर पहिल्यांदा आलेले लोक ज्यांची घरं बांधत, तसल्याच.

"बाई, तुम्ही जरा तिकडे जाऊन उभ्या राहा," मुकादम मॅकगिव्हर्न म्हणाला. रेल्वेचा नवा फाटा या टेकडीवरून जाणार होता आणि वरचं जुनं कब्रस्तान टॅल्मन गावाजवळ हलवायचं काम त्याच्याकडे होतं. कबर उघडायची ती नातेवाइकांसमोरच, असा त्याचा रिवाज.

"का म्हणून?" लविनिया स्टोडर्डने विचारलं. "माझ्या आईची कबर आहे. मला बघायचंय."

"बघण्यासारखं काही नाही, तेच तर सांगतोय."

लविनिया पुढे झाली. चाळिशी ओलांडलेली, उंच, रुंद खांद्यांची बाई. गावात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं माप तिच्या नजरेत बसलेलं असे. त्याच सवयीने तिने आधी पेटीकडे बघितलं. पेटी आखूड होती. तिची आई इलेक्टा चांगली उंच होती. विनी, तू आईच्या अंगकाठीवर गेलीस, असं सगळं गाव म्हणायचं, आणि आईचा लग्नाचा झगा लविनियाला कुठेही न उसवता बसला होता. या पेटीत लविनिया गुडघे दुमडूनही मावली नसती.

इलेक्टाची गोष्ट त्या भागात पोराबाळांना पाठ होती. ओहायोतून एकटी आलेली तरुण शिक्षिका. लग्नाआधीच तिने स्वतःच्या नावाने सरकारी जमिनीवर दावा लावला, मातीचं घर उभं केलं, मग हायरम स्टोडर्डशी लग्न केलं. १८७४ साली टोळधाड आली. टोळांनी मका खाल्ला, कांदे खाल्ले, दोरीवर वाळत घातलेले कपडेही सोडले नाहीत. त्याच वर्षी थंडीच्या तोंडाशी इलेक्टा तापाने गेली, तीन वर्षांची पोर मागे ठेवून. आता येत्या चार जुलैला गावात माळ वसवणाऱ्या पहिल्या बायकांच्या नावांचा दगड बसायचा होता, आणि त्यावर पहिलं नाव तिचंच होतं.

"छोटी पण उघडायची ना?" मजुराने विचारलं.

आईच्या कबरीशेजारी पांढऱ्या दगडांनी वेढलेला एक लहानसा उंचवटा होता. लविनियाच्या भावाचा, मृतच जन्मलेल्या बाळाचा. दर वसंतात ती इथे येऊन त्यावरचं गवत स्वतः उपटायची.

मजुरांनी उंचवटा ओढून सपाट केला. पुढे फावडं आत शिरेना. मॅकगिव्हर्नने वाकून बोटांनी माती चाचपली.

"बाई, मी जन्मभर खणत आलोय," तो म्हणाला. "ही कबर नाही. इथे खड्डा कधी पडलेलाच नाही. मूळच्या गवतावर वरून माती ओतलीय नुसती. ही बघा, जुनी मुळं जशीच्या तशी दबलीत."

२

ऑर्पा स्टोडर्ड मळ्यावरच्या घरात सफरचंदं सोलत बसली होती. ती इलेक्टाची धाकटी बहीण. टोळधाडीच्या वर्षी बहिणीच्या मदतीला ओहायोतून आली, बहीण गेल्यावर पोरीसाठी राहिली आणि पुढे हायरमशी लग्न करून घर सावरलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. माय मरो आणि मावशी जगो असं म्हणतात, ते लविनियाने पुरतं अनुभवलं होतं. गोवरात उशाशी बसून राहिलेली मावशीच, सुई धरायला शिकवलेली मावशीच. बाप जाऊन काही वर्षं झाली होती, तरी लविनिया दर रविवारी मळ्यावर यायची, ती हिच्यासाठी.

"पेटीत माती निघाली, मावशी."

ऑर्पाने हातातलं सफरचंद साल तुटू न देता पूर्ण सोललं, मग सुरी खाली ठेवली. "बस आधी. उन्हातून आलीस."

"मावशी, माती."

"ऐकलं मी." तिने ॲप्रनला हात पुसले. "तुला सांगायचं नाही असं तुझ्या बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. आता ते नाहीत, तर सांगते. ताप फार वाईट होता. लागण होईल म्हणून हायरमने तिला त्याच दिवशी ओढ्याकाठी पुरलं, एकट्याने. मग लोकांना काय दाखवायचं? चार माणसं येणार, प्रार्थना होणार. म्हणून त्याने पेटी भरली आणि टेकडीवर नेली. मी तर तुला घेऊन आतच होते, खिडकीतूनही बघितलं नाही."

"ओढ्याकाठी कुठे?"

"दुसऱ्या वर्षी पूर आला. ती जागाच गेली."

पटण्यासारखं होतं, आणि लविनियाला पटवून घ्यायचंही होतं. तिने एक फोड उचलून तोंडात टाकली. खोली उबदार होती, दालचिनीचा वास येत होता, इथे काही खोटं असू शकेल असं वाटतच नव्हतं.

"आणि बाळाच्या कबरीचं काय?"

"काय झालं तिला?"

"तिथे खड्डाच नाही. गवतावर मातीचा ढीग केलाय, बस्स."

ऑर्पाने सुरी उचलली. सफरचंद मात्र उचललं नाही. "ते तुझ्या बाबांनाच ठाऊक," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला काय विचारणार तू?"

हे बोलताना तिने लविनियाकडे बघितलं नाही. पोर लहान होती तेव्हापासून मावशी काहीही बोलायची ते तोंडाकडे बघून बोलायची. आज पहिल्यांदाच तसं घडलं नाही.

३

पेटी केली होती नेल्स टोर्गरसनने. नॉर्वेतून आलेला हा सुतार आता पार म्हातारा झाला होता, कानाने अधू, पण बोलायला तयार. खडीसाखर दाताखाली धरून तो बशीतून कॉफी पीत होता.

"केली तर," तो म्हणाला. "तेव्हा आख्ख्या माळावर धड करवत माझ्याकडेच. पाळणाही मीच करायचो नि पेटीही मीच."

"मग आखूड का केलीत, नेल्सकाका?"

"सापडलं का ते?" म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. "अगं, मी हायरमला माप विचारलं. तो म्हणाला, तुझ्या बायकोला बसेल एवढी कर. माझी इंगेबोर्ग माझ्या खांद्याला लागायची. मी म्हटलं, लेका, इलेक्टा हिच्याहून वीतभर उंच आहे. तर म्हणतो, फळ्या आहेत तेवढ्यात भागव."

"आणि तुम्ही भागवलंत."

"मुली, त्या वर्षी टोळांनी माझ्या फावड्याचे दांडेसुद्धा कुरतडले होते. शेजारी काय बोलतो नि का बोलतो, हे विचारायला बळ होतं कुणात? आणि त्याला नंतर मीही साक्ष दिली, जमिनीच्या कचेरीत. बाई मेली, तिला मी पुरताना पाहिलं, म्हणून. पाहिली पेटीच होती. पण शपथ बाईची घेतली."

"माझ्या भावासाठीही पेटी केली असेल ना?"

"नाही बा. त्या बाळाला पाद्री व्हिटकॉमनी साबणाच्या खोक्यात घातलं आणि तुमच्या घरामागच्या कॉटनवूडच्या झाडाखाली पुरलं. मी टोपी काढून उभा होतो तिथे. टेकडीवर तेव्हा कब्रस्तान कुठलं? ते तर तुझ्या आईच्या पेटीपासून सुरू झालं."

लविनियाने हातमोजे चढवले. म्हातारा तिला दारापर्यंत पोचवायला उठला.

"इंगेबोर्ग असती तर तुला जेवल्याशिवाय सोडली नसती. फार लळा लागला होता तिला, तू आमच्याकडे राहायला होतीस तेव्हा."

"मी तुमच्याकडे? कधी?"

"पाचेक वर्षांची असशील. तुमच्या घरात घटसर्प शिरला म्हणून ऑर्पाने तुला घाईघाईने इथे आणून टाकलं. हायरम तेव्हा दूर पश्चिमेला रेल्वेच्या कामावर. तुला अंगणातसुद्धा सोडायची नाही, कुणाला दिसूही द्यायची नाही, अशी तिची ताकीद होती. तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस."

लविनियाला आठवलं. पिवळा रंग दिलेली एक खोली, खिडकीला टांगलेली गोधडी.

"घरात दोघीच होतो आम्ही," ती सावकाश म्हणाली. "मी आणि मावशी. मग घटसर्प कुणाला झाला होता, नेल्सकाका?"

छत्तीस वर्षांत हे म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

४

पाद्री केलेब व्हिटकॉम ओसरीवर पायांवर घोंगडी घेऊन बसले होते. लविनियाला बाप्तिस्मा त्यांनीच दिला होता.

"पाद्रीबाबा, माझ्या आईला तुम्ही पुरलंत?"

"मी पेटीवर प्रार्थना म्हटली, विनी."

"ते नाही विचारलं मी."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "तुझी आई देवाच्या हाती आहे. तिला तिथेच असू दे. दगड बसेल, मान मिळेल तिला. चांगलं होईल."

"मेलेलं माणूस देवाघरी गेलं म्हणतो आपण," लविनिया म्हणाली. "देवाच्या हाती असतं ते आजारी माणूस. नाहीतर प्रवासाला निघालेलं."

ते घोंगडीची दशी तेवढी ओढत राहिले.

दुकानात परत येऊन तिने दाराला आतून कडी लावली. पेटीतलं कापड तिने मुकादमाकडून मागून आणलं होतं. ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून टेबलावर पसरलं. दोरा पिवळा पडला होता, पण टाके शाबूत होते. एकसारखे, घट्ट, सगळे उलट्या बाजूला कललेले. डावखुऱ्या हाताचे टाके. असे टाके ती ओळखणार नाही तर कोण? ती शिवण शिकली ती मावशीच्या शेजारी बसून नव्हे, समोर बसून. कारण मावशी डावरी, आणि शेजारी बसलं की सगळं उलटं दिसायचं.

म्हणजे मावशी आत बसली नव्हती. पेटी तिनेच भरली होती.

लविनियाने खुर्ची ओढली आणि एकेक गोष्ट समोर मांडायला सुरुवात केली. आखूड पेटी. बायको खरंच मेली असती तर नवऱ्याने तिचं खरं माप दिलं असतं, कारण तिला आत निजवायचं असतं. हायरमला माहीत होतं की कुणालाच निजवायचं नाही. लागणीची गोष्टही पडली. बाईला खरंच ओढ्याकाठी पुरलं असतं, तर पेटी आपणच भरली हे लपवायला मावशी आज खोटं बोलली नसती.

मग जिवंत बाईला मेलेली ठरवायचं कशासाठी? माळावर वाढलेल्या माणसाला हे कोडं नव्हतं. दावा लावणारी बाई पाच वर्षं जमिनीवर राहिली तर जमीन तिची. मधेच मेली तर तिच्या वारसाची. पण जमीन सोडून निघून गेली, तर दावा बुडाला. आणि असा दावा माणसाला एकदाच लावता येई; हायरमचा स्वतःचा हक्क तर आयोवात कधीच वापरून झाला होता. मळा आज लविनियाच्या नावावर होता. लहानपणापासून होता. आईची ठेव, असं बाबा म्हणायचे.

इथवर तिचं मन तिच्यामागे मुकाट आलं. राहिला तो छोटा ढीग.

पेटीत वजन भरलं ते उचलणाऱ्या चार माणसांसाठी. ढिगाखाली पेटीच नव्हती, खड्डासुद्धा नव्हता. म्हणजे तिथे उचलणारं कुणी नव्हतंच. कुणाला तरी ती जागा फक्त दाखवायची होती, आणि तीही घाईत. कुणाला तरी लहान मुलाची कबर दाखवायची होती, ज्या दिवसांत घरातली मुलगी शेजाऱ्याकडे गोधडी लावलेल्या खिडकीमागे कोंडून ठेवली होती.

लविनिया उठून उभी राहिली. तो ढीग तिच्या भावाचा कधीच नव्हता. इतकी वर्षं ती स्वतःच्याच कबरीवरचं गवत उपटत आली होती.

आणि ती कबर दाखवावी असं माणूस जगात एकच होतं. आई परत आली होती.

५

शनिवारी दुपारी मळ्याच्या स्वयंपाकघरात चौघं बसली होती. टोर्गरसन आणि पाद्रीबाबांना लविनियाने स्वतः गाडी जुंपून आणलं होतं. टेबलावर तिने ते कापड पसरलं आणि शांत आवाजात सगळं मांडलं. माप, दावा, घटसर्प, ढीग. शेवटी तिने टाक्यांवर बोट ठेवलं.

"हे तुझे आहेत, मावशी."

ऑर्पाने कापड जवळ ओढून बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचं काम तपासत होती. "माझेच," ती म्हणाली. "घट्ट घातले होते, माती सांडू नये म्हणून."

"सांग मग."

"बाळ गेल्यावर ती बोलेनाशी झाली. टोळांचा आवाज ऐकू येतो म्हणायची, टोळ गेल्यावरसुद्धा. एक दिवस तुला कडेवर घेऊन ओढ्यात चालत गेली. पाणी तुझ्या गळ्याला लागलं होतं तेव्हा हायरमने धरलं." ऑर्पा थांबली. "हे कुणी तुला सांगितलं नाही. तेही मीच म्हटलं होतं, सांगू नका म्हणून. मग हायरमने तिला गाडीत घालून पूर्वेला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे म्हणाले, ही बरी व्हायची नाही. दावा पुरा व्हायला सहा महिने उरले होते. जमिनीवर डोळा ठेवून दोघंतिघं टपलेले होतेच. आम्ही पेटी केली. तुझ्यासाठी केली."

"ती पेटी मी समजू शकते. मला ढिगाचं सांग."

ऑर्पाने कापड बाजूला सारलं. मग पाद्री व्हिटकॉमच बोलले, खाली मान घालून.

"ती आधी माझ्या दारात आली. पार बरी होऊन. मी ऑर्पाला सांगायला धावत आलो, मला वाटलं बहीण आनंदाने वेडी होईल. ऑर्पा म्हणाली, आज तुमच्याकडे ठेवून घ्या, उद्या दुपारी टेकडीवर आणा. मी आणलं. तिथे ऑर्पाने तिला तिचीच कबर दाखवली. तू इथे मेलेली आहेस म्हणाली, आमचा इलाज नव्हता, मी आता हायरमची बायको आहे. आणि मग शेजारचा ढीग दाखवला. घटसर्पाने गेली म्हणाली."

"एक खोटं कबूल केलं," लविनिया म्हणाली, "म्हणून दुसरं खरं वाटलं तिला. आणि तुम्ही काय म्हणालात, पाद्रीबाबा?"

"मी काही म्हणालो नाही."

"तेच तर. बहिणीवर तिने कदाचित विश्वास ठेवला नसता. तुमच्या गप्प उभं राहण्यावर ठेवला."

टोर्गरसन टोपी हातात चुरगाळत होता. "आणि हायरम?" त्याने विचारलं. "त्याला माहीत होतं?"

"त्याला कधी कळलंच नाही," ऑर्पा म्हणाली. "परत आल्यावर मी म्हटलं, बाळाला कॉटनवूडखालून टेकडीवर नेलं. त्याला बरं वाटलं." ती लविनियाकडे वळली, आणि आता मात्र तिने सरळ तोंडाकडे बघितलं. "जमीन दिली असती मी तिला. नवराही दिला असता, विनी, तो कधी माझा नव्हताच. पण ती तुला मागायला आली होती. आणि तू तोवर रात्री माझा हात धरल्याशिवाय झोपत नव्हतीस."

"मी पाच वर्षांची होते. ज्याने हात दिला असता त्याचा धरला असता."

ऑर्पा काही बोलणार होती, पण लविनियाने कापडाची घडी घातली आणि पाद्रीबाबांना विचारलं, "कुठे सोडलंत तिला?"

"वेस्टरला. तिथे एका घरी स्वयंपाकाचं काम बघून दिलं. पुढे तिने ग्रॅनबी नावाच्या विधुराशी लग्न केलं. नाव एलेन सांगते." ते अडखळले. "गेल्या नाताळपर्यंत तरी होती."

वेस्टर. आगगाडीने अर्धा दिवस. लविनिया दर वर्षी कापड आणायला त्याच गाडीने पुढे जायची.

निघताना ऑर्पा दारात येऊन उभी राहिली. "उद्या रविवार. येशील ना?"

लविनियाने दोन्ही म्हाताऱ्यांना गाडीत चढायला मदत केली, लगाम घेतला आणि गाडी हाकली.

६

ग्रॅनबींचं घर गावाबाहेर होतं, भोवती सफरचंदाची बाग, अंगणात कुणाच्या तरी नातवंडांची चाकाची गाडी पडलेली. लविनियाने दार वाजवलं. वाटेत तिने शब्द जुळवून ठेवले होते. म्हातारं माणूस, धक्का बसेल, तेव्हा आधी बसवायचं, मग हळूहळू सांगायचं, की तुमची मुलगी मेली नाही.

दार उघडणारी बाई वाकलेली होती, तरी लविनियाच्या डोळ्यांच्या रेषेत तिचे डोळे होते.

"मिसेस ग्रॅनबी? माझं नाव—"

"लविनिया," म्हातारी म्हणाली. "आत ये. दार उघडं राहिलं की माश्या येतात."

लविनिया आत गेली. जुळवून ठेवलेले शब्द बाहेरच राहिले. म्हातारीने चुलीवरची कॉफी ओतली. कप काठोकाठ भरेपर्यंत ती थांबली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," लविनिया म्हणाली.

"तू सोळासतरा वर्षांची होतीस. जत्रेत पाहिलं तुला, ऑर्पाबरोबर. लोणच्यांच्या बरण्यांपाशी उभी होतीस. तू वळलीस आणि मला माझंच तोंड दिसलं. तिथेच मटकन बसले मी. लोकांना वाटलं ऊन लागलं."

"आणि मग घरी निघून आलात."

"हो. निघून आले." म्हातारी समोर बसली. "पुढे एकदा तुझ्या दुकानातही आले होते. तपकिरी लोकरीचा झगा शिवून घेतला. तू माझी मापं घेतलीस. तोंडात टाचण्या होत्या तुझ्या. खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, जरा ताठ उभ्या राहा."

लविनियाने आठवून बघितलं. शेकडो खांदे आठवले. हा आठवला नाही.

"बोलला का नाहीत?"

"मला तोवर तीन मुलं झाली होती. मी तोंड उघडलं असतं तर हायरमशी झालेलं लग्न उघड होऊन ती तिघंही बिनबापाची ठरली असती. तुझा मळाही गेला असता."

"म्हणजे माझ्यासाठी गप्प राहिलात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

म्हातारीने जरा विचार केला. खोटं बोलायचं की नाही, हे ती ठरवत होती हे लविनियाला दिसलं, आणि नाही असं ठरवलेलंही दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी. तुझं नाव नंतर जोडलं, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. लविनियाच्या मनात आलं, तीन दिवसांपूर्वी ती चोर शोधायला निघाली होती. चोर सापडला, त्याचे साथीदार सापडले, आणि ज्याच्या घरी चोरी झाली म्हणून ती धावत आली, त्याला चोरीला गेलेली वस्तू कुठे आहे हे अर्धं आयुष्य ठाऊक होतं.

"मावशीने तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "टेकडीवर. ते तिचं पाप. पण जत्रेनंतरची वर्षं?"

"ती माझी," म्हातारी म्हणाली. "ऑर्पाच्या माथी नको मारूस ती."

"गावात दगड बसणार होता. तुमचं नाव पहिलं होतं त्यावर. मी काढायला सांगितलंय. टेकडीवरच्या दोन्ही जागाही सपाट करून टाकल्या मुकादमाने."

"बरं केलंस."

म्हातारी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "मघापासून तुम्ही तुम्ही करतेयस. आईला कुणी अहो-जाहो करतं का गं?"

"आईला नाही करत," लविनिया म्हणाली, आणि तिने कॉफीचा कप पुढे ओढून घेतला.